वस्तीतील रस्त्यांची वेगमर्यादा

घरे, शाळा आणि दुकाने यांना लागून असलेल्या रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी 30 किमी.च्या आत ठेवण्याचे धोरण. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किमी. धरतात. जर्मनीतील असा पहिला विभाग बुक्स्टेहुडे या गावात 1983 मध्ये आखला गेला. ऑस्ट्रियातील ग्राझने 1992 मध्ये मुख्य रस्ते वगळून सारे शहरच या मर्यादेखाली आणले, तर स्पेनने मे 2021 पासून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांना ती देशभर लागू केली.

आकडा नेमका एवढाच का, हे ब्रेकच्या हिशेबातून कळते. ब्रिटिश वाहतूक नियमपुस्तिकेप्रमाणे 20 मैलांवरची मोटार पूर्ण थांबेपर्यंत 12 मी. अंतर कापते, 30 मैलांवरची 23 मी. उभ्या गाड्यांच्या फटीतून एखादे मूल बारा मीटरवर रस्त्यात आले, तर पहिली मोटार त्याच्यापाशी येऊन थांबते. दुसरीच्या चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत नऊ मीटर गेलेले असतात. उरलेल्या तीन मीटरांत वेग जेमतेम 27 मैलांपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 43 किमी.पर्यंत उतरतो, आणि त्या वेगाने धडक बसते. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारा हा फरक मुलाच्या जिवावर बेततो.

तरीही नुसत्या पाट्यांनी वेग उतरत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरावाही आहे. बेलफास्टच्या मध्यभागातील 76 रस्त्यांवर 2016 मध्ये 20 मैलांचे फलक लागले. तीन वर्षांनंतरही सरासरी वेग मैलभरसुद्धा घटला नव्हता आणि अपघातांतही म्हणावा तसा फरक पडला नव्हता. उलट लंडनमध्ये जिथे उंचवटे घालून आणि रस्ता अरुंद करून असे विभाग बांधले, तिथे 1986 ते 2006 या काळाच्या अभ्यासात जखमी व मृतांची संख्या सुमारे 42 टक्क्यांनी घटलेली दिसली. यावरून पाट्या निरुपयोगी ठरतात असे मात्र नाही. मोजक्या रस्त्यांवर लावलेली पाटी चालकाला अपवाद वाटते, आणि अपवादासाठी कोणी सवय बदलत नाही.

वेल्सने म्हणूनच अपवाद आणि नियम यांची अदलाबदल केली. पथदिवे जवळजवळ असलेल्या रस्त्याला तिथे आपोआप 30 मैलांची मर्यादा असे. 17 सप्टेंबर 2023 पासून ती 20 झाली. पूर्वी एखादा रस्ता संथ करायचा तर स्थानिक संस्थेला खास आदेश काढावा लागे. आता वेग वाढवायचा असेल तर तो काढावा लागतो. विरोध प्रचंड झाला. जेमतेम 31 लाख लोकवस्तीच्या देशात निर्णय मागे घेण्याच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. सरासरी वेग अवघ्या काही मैलांनी उतरला, अनेक चालक मर्यादा ओलांडतच राहिले. तरी पहिल्या वर्षात 20 व 30 मैलांच्या रस्त्यांवरील जखमी व मृत मिळून चतुर्थांशाहून अधिक कमी झाले. एका वर्षाच्या आकड्यांवर सारा भार टाकू नये हे खरेच. पण नियम अर्धवट पाळला गेला म्हणून तो फसला, हा युक्तिवाद या आकड्यांपुढे टिकत नाही.

वेळ वाया जातो ही तक्रार सर्वत्र होते. वस्तीतील अर्धा किलोमीटर ताशी 50 ऐवजी 30 किमी.ने कापला तर कागदावर 24 सेकंद जास्त लागतात; वळणे आणि चौक धरले तर त्याहूनही कमी. रुग्णवाहिका व बस ज्या मुख्य रस्त्यांनी जातात तिथे जास्त मर्यादा ठेवता येते, आणि वेल्सने पुढे काही रस्त्यांवर ती पुन्हा 30 केलीही.

भारतात मूळ नियमाचे पारडे नेमके उलट्या बाजूला झुकलेले आहे. केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील कमाल वेग मोटारींना 70 आणि दुचाकींना 60 किमी. आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली, त्यांत 32,825 पादचारी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी मर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्राला शाळांच्या आणि गल्ल्यांच्या रस्त्यांवर 30 किमी. हाच मूळ नियम करायचा असेल, तर त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.