तालीम, सायकल आणि रक्तदाब

आमच्या सीमाभागात व्यायाम म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती तालीम. तांबडी माती, जोर, बैठका आणि संध्याकाळची लढत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि निपाणी तर कोल्हापूरच्या उंबरठ्यावरच! बेळगावातही आनंदवाडीच्या आखाड्याने हा शौक जपला. त्या काळी प्रकृतीचे माप म्हणजे छातीचा घेर आणि बैठकांची संख्या. रक्तदाब मोजण्याची साधनेच नवी होती. इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा १८९६ मध्ये आणला, तर रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी नाडीचा आवाज ऐकून दाब ठरविण्याची रीत १९०५ मध्ये दाखविली. खेड्यापाड्यांत ती पोहोचावयास कित्येक दशके गेली.

व्यायामाचा दुसरा प्रकार बेळगावात दुकानाच्या रूपाने आला. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी येथे सायकलींचे दुकान थाटले. सायकल ही तेव्हा चैनीची व कौतुकाची वस्तू. दमसास वाढविणारा व्यायाम म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले असेल असे वाटत नाही. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी कारखाना औंध संस्थानात नेला. त्यांना जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेच सूर्यनमस्काराचे थोर प्रचारक, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.

तिसरा प्रकार स्थिर राहण्याचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने प्रयोगशाळेत नेली. सर्वांगासन, मत्स्यासन करणाऱ्यांचा रक्तदाब त्यांनी मोजून पाहिला. केवळ परंपरेच्या दाखल्यावर विसंबू नये, ही त्यांची वृत्ती मला फार मोलाची वाटते.

हे तिन्ही प्रकार आपण ‘व्यायाम’ या एकाच शब्दात कोंबतो. रक्तवाहिन्या मात्र त्यांत भेद करतात. १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंचा दाब थेट धमनीतून मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला! श्वास कोंडून जोर लावला की असे होते. हा चढ क्षणिक असतो आणि निरोगी तरुणास तो सोसतो. नियमित व बेताच्या वजनाच्या व्यायामाने तर दाब उतरतोच.

किती उतरतो, याचा मोठा ताळेबंद २०२३ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात आला. २७० चाचण्या, १५,८२७ माणसे. चालणे, धावणे, सायकल यांनी वरचा दाब सुमारे साडेचार अंकांनी उतरला. वजनाच्या व्यायामानेही जवळपास तितकाच. दोन्हींच्या जोडीने सहा. आणि स्नायू ताणून स्थिर राहण्याने आठांहून अधिक. त्यातही भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, अधांतरी खुर्चीत बसल्यासारखे राहणे अग्रेसर ठरले. आमच्या शाळेत ही शिक्षा होती!

माझे एक स्नेही तरुणपणी नामांकित मल्ल होते. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. साठीत दाब १७० वर गेला, तरी ‘मी तालमीतला गडी’ म्हणून त्यांनी गोळ्या नाकारल्या. शेवटी अर्धांगवायूने अंथरूण धरले. जुना व्यायाम साठवून ठेवता येत नाही, तो थांबला की काही आठवड्यांत त्याचा लाभ ओसरू लागतो, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही. मीही नाही. तीस-पस्तीस वर्षे सरकारी खुर्चीत काढलेल्या मला तेव्हा ते ठाऊकच नव्हते.

निवृत्तीनंतर माझाही दाब वाढलेला निघाला. डॉक्टरांना विचारून सकाळी किल्ल्याच्या तळ्याकाठी अर्धा तास चालतो. आठवड्यातून तीनदा, दोन-दोन मिनिटे, चार वेळा भिंतीला टेकतो. श्वास मात्र कोंडत नाही. गोळी चालूच आहे. स्नेह्यांकडे गेलो की त्यांचा धडका हात धरून अंगणात चार फेऱ्या घालतो. परवा त्यांनी पाचवी मागितली.