देवनागरी फाईलींचे स्थानांतर : विसंगत संगणकांच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना
१९८०च्या दशकातील घरगुती संगणक परस्परांशी विसंगत होते. बीबीसी मायक्रो (१९८१) आणि झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) ही दोन्ही यंत्रे कॅसेटवर माहिती साठवीत. परंतु नोंदणीची पद्धत भिन्न असल्याने एकाची कॅसेट दुसऱ्यास वाचता येत नसे. तारेने जोडणी केल्यास बाइट पोहोचत, अर्थ मात्र पोहोचत नसे. बेसिक भाषेतील ‘प्रिंट’ ही आज्ञा स्पेक्ट्रम २४५ या अंकाने साठवी, तर बीबीसी मायक्रो २४१ या अंकाने. त्यामुळे प्रोग्राम साध्या आस्की मजकुराच्या रूपात पाठविणे हाच व्यवहार्य मार्ग होता. भारतात १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे बीबीसी मायक्रो शाळांत पोहोचला. मात्र देवनागरीसाठी आस्कीत जागाच नव्हती.

फॉन्टची भिंत
ही उणीव दूर करण्यासाठी ‘इस्की’ ही सामाईक संकेतप्रणाली तयार झाली व १९९१ साली ती भारतीय मानक ठरली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. तथापि डीटीपी व्यवसायात वेगळीच पद्धत रूढ झाली. प्रत्येक कंपनीने २५६ स्थानांत अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीने बसविले. अंबरनाथच्या मुद्रणालयातील फ्लॉपी बदलापूरच्या संगणकात उघडली आणि तेथे तोच फॉन्ट नसला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. शिवाय अशा फाईलींत पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनापूर्वी साठविली जाई. इस्की व युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार व्यंजनानंतर येते. रफाराचा क्रम याच्या उलट बदलावा लागतो. म्हणून रूपांतर करताना केवळ अंक बदलून भागत नाही. अक्षरांचा क्रमही नव्याने लावावा लागतो.

उल्हासनगरचा संदर्भ
फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषा अरबी-फारसी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. तिच्या देवनागरी लेखनातील ॻ, ॼ, ॾ, ॿ या अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००६ साली मिळाले. मराठीतील ‘ॲ’ला २००८ साली. म्हणजेच सामाईक प्रणाली आल्यानंतरही सर्व भाषकांची गरज एकाच वेळी भागली नाही.

निष्कर्ष
अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२चा शिलालेख लिपी जाणणाऱ्यास आजही वाचता येतो. त्याच परिसरातील १९९०च्या दशकातील स्मरणिका, नियतकालिके व प्रबंध यांच्या फाईली मात्र फ्लॉपी सुस्थितीत असूनही अवाच्य ठरू शकतात. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. त्यामुळे महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मूळ फाईलीसोबत तिचा फॉन्ट व अक्षरजुळणीचा प्रोग्राम यांची नोंद ठेवणे, रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहणे आणि रूपांतरानंतरही मूळ फाईल नष्ट न करणे अगत्याचे आहे. बाइट जतन होणे आणि मजकूर जतन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.