वस्तीतील उपाहारगृह आणि मद्याची अनुज्ञप्ती

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील एखाद्या वस्तीत दहा-बारा मेजांचे उपाहारगृह चालविणारा व्यावसायिक मद्य पुरविण्याची परवानगी मागतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो आपला हक्क मागत नसतो, तर शासनाकडून मिळणारी एक सवलत मागत असतो. मद्याचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले. डोसा किंवा थाळी विकणाऱ्याला व्यवसायस्वातंत्र्याचे जे संरक्षण मिळते, ते त्याच मेजावर बीअर ठेवणाऱ्याला त्या प्रमाणात मिळत नाही. अर्ज, तपासणी, शुल्क आणि दरवर्षीचे नूतनीकरण ही सारी यंत्रणा याच एका तत्त्वावर उभी आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मादक मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय आठव्या क्रमांकावर आहेत. त्यामुळे देशभर लागू असलेला एकच मद्यकायदा अस्तित्वात नाही. दुसरीकडे घटनेचा ४७ वा अनुच्छेद राज्यांना दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचे मार्गदर्शन करतो. मद्यावरील उत्पादन शुल्क हे बहुतेक राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने हा उपदेश आणि तिजोरीची गरज यांत ताण राहतो. त्याचा भार बहुधा सर्वांत लहान अर्जदारावर येऊन पडतो.

महाराष्ट्रात हा ताण शब्दांतही उतरला आहे. येथे बारला 'परमिट रूम' म्हणतात, आणि या नावामागे इतिहास आहे. तत्कालीन मुंबई राज्यात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्याला दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा प्रकरणात निर्णय देऊन कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. पुढे बंदी सैल होत गेली, परंतु कायदा रद्द झाला नाही. ज्याच्याजवळ मद्यप्राशनाचा परवाना, म्हणजे परमिट आहे, त्याने ज्या खोलीत बसून प्यावे ती परमिट रूम. आज तो अधिनियम महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. मद्यविक्रीला अनुमती देणारा कायदा नावाने मात्र दारूबंदीचाच आहे.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शासकीय मराठीत विक्रेत्याला मिळते ती 'अनुज्ञप्ती' आणि पिणाऱ्याला मिळतो तो 'परवाना'. बोलीत दोहोंना सर्रास परवानाच म्हटले जाते आणि त्यातून बराच गोंधळ होतो. कायद्यानुसार ग्राहकाजवळही परवाना असणे अपेक्षित आहे. एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क विदेशी मद्यासाठी वर्षानुवर्षे अवघे पाच रुपये राहिले. नाशिक जिल्ह्यात तयार झालेली व्हिस्कीदेखील कायद्याच्या परिभाषेत 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' असते, हेही जाता जाता सांगावयास हवे. बीअर व वाइनसाठी २१ वर्षे आणि अधिक तीव्र मद्यासाठी २५ वर्षे अशी महाराष्ट्रातील वयोमर्यादा आहे.

उपाहारगृहात सर्व प्रकारचे विदेशी मद्य देण्यासाठी लागणारी अनुज्ञप्ती 'एफएल-३' या नमुन्यात दिली जाते. केवळ बीअर देणाऱ्या बारसाठी 'नमुना ई' आहे. किरकोळ मद्यविक्रीचे दुकान, ज्याला सामान्यतः वाइन शॉप म्हणतात, ते 'एफएल-२' या वेगळ्या वर्गात मोडते. या दुकानांच्या नव्या अनुज्ञप्त्या देणे राज्याने १९७० च्या दशकात थांबविले, त्यामुळे जुन्या अनुज्ञप्तींना मोठे मोल आले. परमिट रूमच्या बाबतीत मात्र दार उघडे राहिले आणि वस्तीतील उपाहारगृहांचे अर्ज याच दारातून येत राहिले.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे असतो आणि त्याची छाननी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयामार्फत होते. जागेचा मालकीहक्क किंवा भाडेकरार, जागेचा आराखडा, अन्नसुरक्षा कायद्याखालील परवानगी, स्थानिक संस्थेची व्यवसायपरवानगी आणि अर्जदाराच्या चारित्र्याविषयी पोलिसांचा अहवाल ही यातील सामान्य कागदपत्रे होत. त्यानंतर निरीक्षक जागेवर जाऊन पाहणी करतो. अनेक अर्ज याच टप्प्यावर अडकतात, कारण शैक्षणिक संस्था आणि धार्मिक स्थळे यांपासून ठरावीक अंतर राखण्याची अट आहे. हे अंतर सर्वसाधारणपणे ७५ मीटर आहे. दाट वस्तीच्या शहरात शाळा, बालवर्ग किंवा मंदिर यांपासून इतके दूर असलेला गाळा शोधणे सोपे नसते. अर्ज नाकारला गेल्यास राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येते.

महामार्गालगतच्या उपाहारगृहांना याहून मोठा धक्का बसला होता. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. ३१ मार्च २०१७ रोजी २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले, परंतु त्याच वेळी बार व उपाहारगृहेही आदेशाच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले. शहरांतून जाणाऱ्या अनेक रस्त्यांना महामार्गाचा दर्जा असल्याने असंख्य परमिट रूम एका रात्रीत बंद पडल्या. महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीतील व्यवसायांना हा आदेश रोखत नाही, असे न्यायालयाने ११ जुलै २०१७ रोजी सांगितल्यावर शहरी भागाला दिलासा मिळाला.

अनुज्ञप्ती मिळाली म्हणजे लहान मालकाचे गणित सुटले, असे नाही. वार्षिक शुल्क गावाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, आसनसंख्येनुसार नव्हे. परिणामी त्याच शहरातील आलिशान बार आणि बारा मेजांचे उपाहारगृह शुल्काच्या एकाच रांगेत येतात. कराचे स्वरूपही बदलते. पिण्यायोग्य मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने एकाच मेजावरील भोजनावर वस्तू व सेवा कर, तर मद्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि हिशेब दोन ठेवावे लागतात. याहून दूरगामी बाब अशी की, लहान उपाहारगृहांना उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याची आपसमेळ योजनेची सवलत आहे, ती मद्य देणाऱ्या उपाहारगृहाला मिळत नाही. अर्ज करण्यापूर्वी फार थोडे मालक याचा विचार करतात. करवाढ आणि शुल्कवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील परमिट रूम चालकांनी एक दिवस बंद पाळला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

व्यवसायावरील निर्बंधही पुष्कळ आहेत. मद्य अधिकृत ठोक विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते, साठ्याची दैनंदिन नोंद ठेवावी लागते, आणि सीलबंद बाटली ग्राहकाला घरी नेण्यासाठी विकता येत नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पडून असलेला साठा संपविण्यासाठी दिलेली सूट हा अपवाद होता. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत विक्री बंद ठेवण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार देशभर लागू आहे.

राज्य ओलांडले की चित्र पालटते. गोव्यात मद्यप्राशनाचे किमान वय १८ असून लहान मद्यालये गावोगावच्या जीवनाचा भाग आहेत. केरळात २०१४ च्या धोरणाने बारची अनुज्ञप्ती पंचतारांकित हॉटेलांपुरती मर्यादित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ती मर्यादा ग्राह्य धरली. २०१७ मध्ये तीन तारांकित हॉटेलांना पुन्हा मुभा मिळाली. मध्य प्रदेशाने एप्रिल २०२३ मध्ये दुकानांलगतचे अहाते बंद केले, तर एप्रिल २०२५ पासून केवळ सौम्य पेये देणाऱ्या बारचा नवा वर्ग निर्माण केला. गुजरात आणि बिहारमध्ये वस्तीतील उपाहारगृहाला असा अर्जच करता येत नाही. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली.

या साऱ्या प्रक्रियेत शेजाऱ्यांचे स्थान काय, हा प्रश्न उरतो. रात्रीचा गोंगाट, वाहनांची गर्दी आणि स्त्रियांना वाटणारी असुरक्षितता या तक्रारी निराधार नसतात. परंतु अंतराची अट पूर्ण होत असेल, तर केवळ शेजाऱ्यांची नापसंती हे अर्ज नाकारण्याचे कारण सहसा ठरत नाही. ११ मार्च २०२५ रोजी विधानसभेत राज्य शासनाने नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील नव्या बीअर शॉपी व मद्याच्या दुकानांसाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक करण्याची घोषणा केली. ती दुकानांविषयीची होती.

अनुज्ञप्ती दिल्यानंतर मात्र वस्तीच्या हाती एक प्रभावी साधन येते. महाराष्ट्राच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या छापलेल्या असतात. नोंदलेल्या मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर तेथील मद्यविक्री बंद होते. ही टक्केवारी मतदानाला आलेल्यांची नव्हे, तर यादीतील सर्वांची मोजली जात असल्याने घरी बसून राहिलेला प्रत्येक मतदार प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात जातो, आणि अनेक गावांतील महिलांचे प्रयत्न याच अटीपाशी येऊन अडले आहेत.