सिरोंच्याची एक जुनी नोंद

अमुक एका पर्वतावरील धुक्याच्या अरण्यांत प्राण्याची नवी जात सांपडली, अशी वार्ता वर्षांतून दोनचार वेळां तरी वृत्तपत्रांत येते. ती वाचतांना आपल्या मनांत एक चित्र उभें राहतें: मनुष्याचें पाऊल कधींच न पडलेलें एक शिखर, त्यावर पहिल्यानें चढणारा एक विद्वान, आणि अवचित त्याच्या पुढ्यांत येणारा एक अपूर्व प्राणी. शोधांचा इतिहास मात्र बहुधा या चित्राप्रमाणें घडत नाहीं. आपल्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखाशीं निगडित अशा एका पक्ष्याच्या हकीकतीवरून हीच गोष्ट आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम खऱ्याखुऱ्या धुक्याच्या अरण्यांतील एक उदाहरण घेऊं. कोलंबिया व इक्वेडोर या देशांतील अँडीज पर्वतावर ढग झाडांतच विसावलेले असतात. तेथील ओलिंग्विटो नांवाच्या लहानशा सस्तन प्राण्यास २०१३ सालीं शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्या नांवांतही धुक्याचाच निर्देश आहे. परंतु क्रिस्टोफर हेल्गेन या प्राणिशास्त्रज्ञास त्याचा पहिला सुगावा लागला तो पर्वतावर नव्हे, तर अमेरिकेंतील पदार्थसंग्रहालयाच्या कपाटांत. तेथें त्याचीं कातडीं व कवट्या कित्येक वर्षें दुसऱ्याच प्राण्यांच्या नांवाखालीं पडून होत्या. इतकेंच नव्हे, तर याच जातीची एक जिवंत मादी पूर्वीं अमेरिकेंतील निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांतून फिरविली गेली होती. तिची जोडी कोठेंच जमेना. पण ती मुळांत वेगळ्या जातीची आहे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

आपल्या सह्याद्रींतही असेंच घडलें आहे. आंबोलीचें अरण्य पावसाळाभर धुक्यांत बुडालेलें असतें. तेथें हिरण्यकेशी नदीच्या उगमाशीं देऊळ आहे, आणि देवळाच्या कुंडांत एक लहान मासा राहतो. त्याची स्वतंत्र जात म्हणून गणना झाली ती २०२० सालीं. नांवही नदीचेंच दिलें गेलें, आणि पुढल्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानें ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्या कुंडाशीं भाविक पिढ्यान्‌पिढ्या येत होते. मासा नवा नव्हता. नवें होतें तें त्याचें पुस्तकांतील नांव.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. नागभीडहून दक्षिणेस चांद्याचीं जंगलें ओलांडीत प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाकडे गेलें, म्हणजे सिरोंचा लागतें. येथें ढगांत बुडालेलीं शिखरें नाहींत. साग आहे, तापलेले खडक आहेत, आणि मधून मधून कांटेरी झुडपांचें माळरान आहे. १८७० च्या सुमारास भूगर्भ खात्यांतील विल्यम ब्लॅनफर्ड हे गोदावरीच्या खोऱ्यांत खडकांची पाहणी करीत फिरत होते. त्यांस पक्ष्यांचीही उत्तम पारख होती. सिरोंचा व भद्राचलम् यांच्या आसपास त्यांना एक दुर्मिळ पक्षी आढळला, व त्यांनीं त्याची नोंद केली.

हा पक्षी म्हणजे जेर्डनचा धाविक. लांब पायांवर जमिनीवरून धांवणारा, तपकिरी रंगाचा, आणि छातीवर दोन पांढरे पट्टे असलेला. मद्रासकडील लष्करी डॉक्टर टॉमस जेर्डन यांनीं तो पूर्वघाटांतून मिळविला, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८४८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९०० सालीं अनंतपूरच्या बाजूस तो दिसल्याची नोंद झाली, आणि त्यानंतर त्याची वार्ताच थांबली. १९२९-३० सालच्या पूर्वघाटांतील मोठ्या पाहणींतही तो हातीं लागला नाहीं. हळूहळू तो नामशेष झाला असावा, असें विद्वान मानूं लागले.

१९८५ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें पुन्हां तपास आरंभिला. भारत भूषण या तरुण संशोधकानें कडप्पा जिल्ह्यांत पक्ष्याचीं चित्रें गांवोगांव दाखविलीं व पारध्यांना प्रश्न विचारले. १९८६ च्या जानेवारींत एका रात्रीं विजेरीच्या प्रकाशांत दिपलेला एक पक्षी स्थानिक पारध्याच्या हातीं आला. तो फार काळ जगला नाहीं. पण शाऐंशीं वर्षांची शंका मात्र त्यानें मिटविली. तेलुगु भाषेंत तर त्यास पूर्वींपासून नांव होतें: कलिवि कोडि, म्हणजे करवंदीच्या जाळींतील कोंबडी.

मग तो इतकीं वर्षें विद्वानांस कां दिसला नाहीं? कारण अगदीं साधें आहे. हा पक्षी रात्रीं हिंडतो व दिवसां झुडपांच्या सावलींत निश्चल बसतो. आपले अभ्यासक दिवसां फिरत, आणि अंधार पडल्यावर मुक्कामावर परतत. ज्यानें रात्रीं त्या माळावर पोट भरलें होतें, त्यालाच तो ठाऊक होता. संग्रहालयांतही हाच प्रकार. स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठाच्या संग्रहांतील एक अंडें याच पक्ष्याचें असल्याचें २०१३ सालीं सिद्ध झालें. तें १९१७ च्या सुमारास, बहुधा कोलारच्या बाजूस, गोळा केलेलें होतें. म्हणजे पुस्तकें १९०० हें अखेरचें वर्ष सांगत असतां पक्षी आपलीं अंडीं घालीतच होता!

या शोधाचें फळ केवळ पुस्तकी नव्हतें. १९८८ सालीं त्या टेंकड्यांत लंकामल्लेश्वर अभयारण्य स्थापन झालें, आणि पुढें तेलुगु-गंगा कालव्याचा मार्गही या पक्ष्याकरितां बदलावा लागला. नोंदीच्या एका ओळींत केवढें सामर्थ्य असतें, तें यावरून दिसून येईल.

महाराष्ट्रांत मात्र या पक्ष्याचा पत्ता ब्लॅनफर्डसाहेबांच्या त्या एका जुन्या नोंदीवरच उभा आहे. घनदाट अरण्याचें मोल आतां सर्वांस पटलें आहे. तेथें वाघ आहे, सागवान आहे. परंतु कांटेरी झुडपांच्या माळास आपण 'पडीक' म्हणतों, आणि रस्ता, खाण वा कालवा काढावयाचा असला कीं प्रथम त्याच्याकडे बोट दाखवितों. ज्या जमिनीची रात्रीं कोणी पाहणीच केली नाहीं, तिच्यावर कांहीं नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो?

सिरोंच्याच्या त्या नोंदीचा फेरतपास व्हावयाचा, तर तो रात्रीं व्हावा, आणि तेलुगु, माडिया व गोंडी बोलणाऱ्या रहिवाशांस विचारून व्हावा. शिखर चढण्याचें धाडस थोर खरें. पण आपल्याच जिल्ह्यांतील मनुष्यास 'तुम्हीं काय पाहिलें?' असें विचारण्याची नम्रता शोधाच्या कामीं त्याहून अधिक उपयोगी पडते.