पत्र ज्यांच्या हातून गेले, त्यांचे काय?

जैविक हल्ल्याचा विषय निघाला की सगळे विचारतात, शत्रू कोण? आम्ही विचारतो, औषध आधी कोणाला मिळाले?

२००१ चा अमेरिकेतला अँथ्रॅक्सचा प्रसंग घ्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवड्याभरातच जंतूंची भुकटी भरलेली पाकिटे टपालात पडू लागली. १५ ऑक्टोबरला सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात असे पाकीट उघडले गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने लगेच घेतले, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या वाटल्या. १७ तारखेला प्रतिनिधीगृहाने कामकाज थांबवले.

पण ते पाकीट काही आभाळातून पडले नव्हते. ते आले वॉशिंग्टनच्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून. तिथे दोन हजारांवर कामगार, त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय. बंद पाकिटातून जंतू बाहेर येणार नाहीत, असे तज्ज्ञांनी गृहीत धरले. सॉर्टिंग मशीनमध्ये पाकिटे दाबली जातात आणि मशीन हवेच्या झोताने साफ करतात, हे तिथला कोणीही कामगार सांगू शकला असता. विचारतो कोण? उलट १८ तारखेला पोस्टमास्टर जनरलनी त्याच इमारतीत पत्रकार परिषद घेऊन लोकांना धीर दिला! कॅपिटॉलवरच्या कुत्र्यांचीही तपासणी झाली, आमची नाही, असा संताप कामगारांनी बोलून दाखवला. केंद्र बंद झाले ते २१ तारखेला.

त्याच पहाटे थॉमस मॉरिस या ५५ वर्षांच्या कामगाराने आपत्कालीन क्रमांकावर फोन करून सांगितले की आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा. त्याच दिवशी तो वारला. जोसेफ कर्सीन, वय ४७, रुग्णालयात गेला होता, त्याला घरी पाठवले गेले. २२ तारखेला तोही गेला.

त्या साथीत एकूण २२ जणांना लागण झाली, पाच मेले. पुढे एफबीआयने निष्कर्ष काढला तो अमेरिकन लष्कराच्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाविरुद्ध, ब्रूस आयव्हिन्सविरुद्ध. खटला चालण्याआधी, २००८ मध्ये, त्याने आत्महत्या केली. पण शत्रू परदेशी असल्याची भीती तोवर आपले काम करून गेली होती. २००४ च्या बायोशील्ड योजनेत लसी-औषधांच्या खरेदीसाठी दहा वर्षांकरता ५.६ अब्ज डॉलर ठेवले गेले.

ब्रेंटवूडच्या कामगारांना नंतर लस देऊ केली, तेव्हा अनेकांनी नकार दिला. त्यांना टस्कीगी आठवत होते. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना नुसता पाहत ठेवला होता. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी तो इतिहास वाचावा.

अमेरिकेतल्या या गोष्टीशी आपले काय नाते, असे कोणी विचारेल. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी द्यु बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. नाते तेव्हापासूनचे आहे. पुढच्या साथीच्या तयारीची सरकारी यादी निघेल, तेव्हा आम्ही त्यात रुग्णालयाचा कचरा उचलणाऱ्याचे, गटारात उतरणाऱ्याचे नाव कितव्या पानावर आहे ते पाहू.

ब्रेंटवूडचे केंद्र निर्जंतुक करून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा उघडले. आता त्या इमारतीला कर्सीन आणि मॉरिस यांचे नाव आहे.