कठीण शब्दांचे कोश आणि त्यांचे वाचक

अवघड इंग्रजी शब्दांची यादी घ्यायची, समोरचा अर्थ पाठ करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या यादीकडे वळायचे, ही रीत आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत अनुभवली आहे. पुढे साहित्याचे अध्यापन करू लागल्यावर याच रीतीला घोकंपट्टी म्हणून आम्ही नाके मुरडू लागलो. परंतु इंग्रजीतील एकभाषिक कोशाचा जन्मच मुळी अशा यादीतून झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे थोडे थांबावेसे वाटते.

सोळाव्या शतकात लॅटिन, ग्रीक व फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला. काहींना हे शब्द भाषेचे वैभव वाटले, तर काहींना निव्वळ पंडिती मिरवणूक. टॉमस विल्सन याने १५५३ साली वक्तृत्वकलेवरील आपल्या ग्रंथात अशा 'दौतीतल्या' शब्दांची यथेच्छ टर उडवली. या वादात एक वर्ग मात्र मुकाच राहिला. लॅटिन शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांना हे शब्द प्रवचनात, धर्मग्रंथात ऐकू येत. अर्थ मात्र कळत नसे.

या वर्गासाठी १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री याने 'अ टेबल अल्फाबेटिकल' हे लहानसे पुस्तक काढले. कॉड्री हा शाळामास्तर व धर्मोपदेशक. प्युरिटन मतांपायी त्याची वृत्ती गेली होती. त्याच्या पुस्तकात सुमारे २,५०० कठीण शब्द व त्यांचे थोडक्यात अर्थ होते. मुखपृष्ठावर त्याने आपला वाचक स्पष्ट सांगितला आहे: कुलीन स्त्रिया आणि इतर अशिक्षित जन. 'अ' ने सुरू होणारा शब्द आरंभी शोधावा, 'व्ही'चा शेवटाकडे, हेही तो समजावून सांगतो. वर्णानुक्रम ही तेव्हा शिकवण्याची गोष्ट होती!

गंमत अशी, की कठीण शब्दांच्या या पुस्तकाची प्रस्तावना कठीण शब्द वापरू नयेत असे बजावते, आणि तो मजकूर बराचसा विल्सनकडूनच उचललेला आहे. यात विसंगती दिसली तरी आम्हांस ती खरी वाटत नाही. कॉड्रीला वाचकाने शब्द समजून घ्यावेत एवढेच हवे होते. त्याने ते मिरवावेत असे नव्हे.

हा विवेक फार काळ टिकला नाही. १६२३ साली हेन्री कॉकेरम याच्या कोशात एक उलटा भाग आला: साधा शब्द घ्या आणि त्याच्या जागी भारदस्त शब्द शोधा. त्यातले कित्येक शब्द लॅटिन कोशांतून सरळ इंग्रजी वेशात आणलेले होते. कोणाच्या बोलण्यालिहिण्यात त्यांचा मागमूस नव्हता. व्याख्येवरून शिकलेला शब्द प्रयोगापासून तुटला, की काय होते त्याचा हा पहिला धडा.

त्यावर खरा उतारा सापडला तो १७५५ मध्ये. सॅम्युएल जॉन्सनने चाळीस हजारांहून अधिक शब्दांना लाखाहून अधिक अवतरणांची जोड दिली. 'नेटवर्क'सारख्या साध्या शब्दाची त्याची व्याख्या त्या शब्दाहून कितीतरी दुर्बोध आहे, हे प्रसिद्धच आहे. पण जिथे व्याख्या अडखळते तिथे शेक्सपिअर वा ड्रायडन वाचकाचा हात धरतो. शब्द म्हणजे त्याच्या वापराचा इतिहास, हे सूत्र इथे आकार घेऊ लागले.

तरीही कॉड्रीचा वाचक संपला नाही. मोल्सवर्थने आरंभलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. १९४९ मध्ये नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' आले आणि पुढे ते आपल्याकडील पदपथांवरच्या पुस्तकांतही मिळू लागले. अमेरिकेच्या जीआरई परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ पर्यंत होते, आणि त्यांसाठी याद्या पाठ करणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात ती भाषा नाही, त्याच्यासाठी यादी हेच दार असते.

प्रश्न दार ओलांडल्यावरचा आहे. आपली मराठी समीक्षा तरी काय करते? संहिता, विरचना, अवकाश ही परिभाषा आम्ही वर्गात व्याख्येसह लिहवून घेतो आणि उत्तरपत्रिकेत ती तशीच परत येते. विद्यार्थ्याला शब्द समजावा म्हणून आपण तो देतो, की मिरवावा म्हणून? कॉड्री आणि कॉकेरम यांच्यामध्ये एकोणीसच वर्षांचे अंतर होते. आपल्या वर्गात ते अंतर कधीकधी एका तासिकेचेही नसते.