टोपी काढा, डोकं दाखवा!

न्यूयॉर्क, जुलै 1849. ऊन मी म्हणतंय. घोडागाड्यांच्या लोखंडी धावांचा खडखडाट, लिदीचा वास, खांद्याला खांदा घासणारी गर्दी. शहरात पटकीची साथ आहे, वाटेत कुठलंही पाणी पिऊ नका. नॅसॉ स्ट्रीटवरच्या क्लिंटन हॉलमध्ये शिरा. इथे फाउलर बंधू कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगतात. फ्रेनॉलॉजी म्हणतात याला.

आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर डोकीच डोकी! पुढाऱ्यांची, खुन्यांची, वेड्यांची. प्लास्टरची पांढरीफटक, मध्येच खऱ्या कवट्या. बघायला पैसे पडत नाहीत, तपासून घ्यायला पडतात. बाकावर कुणी नोकरीसाठी दाखला न्यायला आलंय, कुणाला ठरलेल्या जोडीदाराशी जुळेल का ते विचारायचंय. आपल्याकडे पत्रिका दाखवतात तसंच.

आला तुमचा नंबर. बसा खुर्चीत. लोरेंझो फाउलरची बोटं तुमच्या घामेजल्या केसांत शिरतात. कानाच्या वर अंगठा दाबला जातो: इथे विध्वंसक वृत्ती. बोटं टाळूवर चढतात: इथे भक्तिभाव. मागे उतरतात: इथे अपत्यप्रेम. सातपैकी किती, ते आकडे तक्त्यावर चढतात. इतक्या मन लावून तुमच्याकडे आजवर कुणी पाहिलंय? सुखावलात ना? याच महिन्यात वॉल्ट व्हिटमन नावाचा तिशीचा पत्रकारही इथे डोकं दाखवून गेला. त्याला एवढे चांगले गुण मिळाले, की पुढे कवी झाल्यावर त्यानं तो तक्ता छापून मिरवला.

आता उठा आणि फळीवरच्या त्या खऱ्या कवट्यांकडे नीट बघा. त्या माणसांनी काही हौसेनं डोकं दाखवलेलं नाही. तिकडे फिलाडेल्फियात डॉ. सॅम्युअल मॉर्टन कवट्यांत शिशाचे छरे भरून मापं घेतात आणि कुठला मानववंश वरचा, कुठला खालचा ते ठरवतात. त्यांच्याकडच्या कितीतरी कवट्या थडगी उकरून आणलेल्या आहेत. मला या विद्येचा राग येतो तो इथे.

मुळात पायाच खोटा. कवटीची जाडी सगळीकडे सारखी नसते. बाहेरच्या टेंगळावरून आतल्या मेंदूची ठेवण कळत नाही. आणि मेंदू मोठा म्हणून माणूस शहाणा, असंही नाही.

मॉर्टनच्या संग्रहातल्या 19 कृष्णवर्णीय फिलाडेल्फियाकरांच्या कवट्या अखेर दफनभूमीत पोहोचल्या, त्या 2024 साली.